कॅमेऱ्याला भरपूर, मोडी वाचणारीला थोडं: आमच्या वाचनालयाला मिळालेल्या अनुदानाचा अनुभव

रक्कम सहा लाख चाळीस हजार, मुदत अठरा महिने, काम एक्केचाळीस मोडी रुमालांचं, म्हणजे मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांचं. एका खासगी न्यासाच्या वारसा-जतन योजनेतून आमच्या वाचनालयाला हे अनुदान मिळालं आणि मुदत संपून आता सात महिने झाले. न्यासाचं नाव लिहीत नाही, कारण शेवटचा हप्ता अजून यायचा आहे आणि नाव घालू नये असं कार्यकारी मंडळात ठरलं आहे. पण अशा योजनांचा साचा बहुतेक एकच असतो. तुमच्या गावच्या वाचनालयात, देवळात किंवा माळ्यावर जुने कागद असतील आणि तुम्ही अर्ज करायच्या विचारात असाल, तर पुढचं सगळं वाचा. पाचपैकी मी साडेतीन गुण देते. दीड गुण का कापला, ते सविस्तर सांगते.

आधी आमच्याबद्दल थोडं. गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. वाचनालय दीडशे वर्षांहून जुनं, मूळ नाव नेटिव्ह जनरल लायब्ररी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, मी इथली मानद कार्यवाह आहे. परगणा-कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, त्यानंतर काही वर्षांनी गावातल्या एका देशपांडे घराण्याने वाडा विकला आणि दप्तर वाचनालयाला दिलं. लाल कापडात बांधलेले एक्केचाळीस रुमाल आणि बासष्ट पोथ्या. सोबत दोन पानांची यादी. त्यातल्या निम्म्या नोंदी अशा: ‘रुमाल १७, किरकोळ हिशेब’. सत्तर वर्षं या यादीवरच सगळा कारभार चालला होता.

बारा वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी, एकदा ‘फुकट स्कॅनिंग’ करून देणारे आले होते. घड्या घातलेले कागद त्यांनी काचेखाली दाबले. दोनशे वर्षांची घडी अशी दाबली की ती उलगडत नाही, मोडते. सात रुमालांचे कागद क्रम सुटून परत आले, आणि स्कॅनची सीडी दोन वर्षांत उघडेनाशी झाली. तेव्हापासून मंडळाने रुमालांना कोणाला हात लावू दिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

मग २०२१चा जुलै आला. २२ तारखेला चिपळुणात पाणी शिरलं आणि तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ सालापासूनच्या संस्थेत, ग्रंथ भिजले. त्या दिवसांत आमच्याकडेही नदी घाट चढून आली आणि वाचनालयाच्या ओट्याला लागून परत गेली. रात्री दीड वाजता आम्ही पाच जणांनी रुमाल वरच्या मजल्यावर नेले. कापडातून कागदाचा भुगा पायऱ्यांवर सांडत होता. सकाळी तो झाडूने गोळा करताना ठरवलं की आता पैसे मिळवायचेच.

पैसे कुठे आहेत ते शोधताना कळलं की आमचे रुमाल कशातच बसत नाहीत. केंद्र सरकारचं राष्ट्रीय पांडुलिपी (म्हणजे हस्तलिखित) मिशन २००३ साली सुरू झालं, आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनच्या निमित्ताने त्याची तरतूद साडेतीन कोटींवरून साठ कोटींवर गेली. पण मिशनची व्याख्या नीट वाचा. हस्तलिखित किमान ७५ वर्षं जुनं हवं, हाताने लिहिलेलं हवं आणि त्यात ज्ञानविषयक मजकूर हवा. फर्मानं, महसुली कागद हे ऐतिहासिक दस्तऐवज, ते हस्तलिखितात धरत नाहीत. म्हणजे आमच्या बासष्ट पोथ्या आत आणि एक्केचाळीस रुमाल बाहेर. व्याख्या म्हणून ती चुकीची नाही, कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण या गावात कोणी काय पेरलं, कोणाचं देणं राहिलं, दुष्काळात कोण गाव सोडून गेलं, हे पोथीत नसतं. ते रुमालात असतं.

दुसरं नाव सगळे सुचवतात ते ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’चं. २००४ साली, आर्केडिया या दानसंस्थेच्या पैशावर सुरू झालेला. त्याचे नियम मी बसून वाचले आणि मला ते फार पटले. मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, डिजिटल प्रत स्थानिक संस्थेकडे राहते, दुसरी संशोधकांसाठी खुली होते, आणि छायाचित्रांबरोबर प्रत्येक नगाची सूची द्यावीच लागते. अडचण आपल्या बाजूला आहे. परदेशी पैसा घ्यायचा तर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी (किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी) लागते, नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत १५ लाख रुपये संस्थेच्या कामावर खर्च झालेले असावे लागतात, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमचा तीन वर्षांचा खर्च त्याच्या निम्माही भरत नाही. मोठ्या संस्थेला सोबत घेतलं तर मार्ग निघू शकतो, पण रुमालांची सूत्रं दुसऱ्याच्या हाती द्यायला मंडळ तयार नव्हतं.

म्हणून हा न्यास. अर्ज फक्त इंग्रजीत, आणि तिथे मराठी चालत नाही ही मला मोठी उणीव वाटते, कारण ज्यांच्या ताब्यात असे कागद आहेत त्यातल्या बऱ्याच लोकांचा सगळा व्यवहार मराठीत असतो. सोबत आयकराची १२अ आणि ८०जीची प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेले चेंज रिपोर्ट. आमचे दोन चेंज रिपोर्ट भरायचे राहून गेले होते, त्यापायी एक वर्ष हुकलं. आजच कपाट उघडून आपले तपासा.

आता चांगलं काय ते मनापासून सांगते. मंजुरीच्या आधी न्यासाने कागद-संवर्धनातले एक तज्ज्ञ पाठवले. ते दोन दिवस राहिले, सतरंजीवर बसून एकेक रुमाल सोडून पाहिला. मंजुरी आल्यावर चाळीस टक्के रक्कम आगाऊ जमा झाली. हे फार महत्त्वाचं आहे. आधी खर्च करा मग बिलं पाठवा, अशी योजना छोट्या संस्थेला नसल्यासारखीच असते. करारात तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या: कागद इमारतीबाहेर जाणार नाहीत, कॅमेरा आणि संगणक वाचनालयाचे होतील, छायाचित्रांवरचा हक्क वाचनालयाचा राहील. बारा वर्षांपूर्वीच्या अनुभवानंतर या तीन ओळी वाचून मंडळातल्या सगळ्यात विरोधी सभासदाने सही केली.

संवर्धनाचं काम मी रोज पाहत होते. संवर्धन करणारे सर पुण्याहून येत, आठवड्यातून दोन दिवस. आधी मऊ ब्रशने कसर आणि धूळ काढायची. मग कोपऱ्यातल्या एका अक्षरावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून टिपकागद लावायचा, शाई सुटते का ते पाहायला. बहुतेक कागदांवर काजळीची शाई होती, ती हलली नाही. बोरूची ओळ जिथे जाड होते तिथेही तशीच काळीभोर, जणू कालची. इंग्रजी अमदानीतल्या काही कागदांवर मात्र लोहयुक्त शाई होती, तिने अक्षरांच्या जागी कागद खाल्ला होता, अक्षराच्या आकाराची भोकं पडली होती. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू लावायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. खळ ते आमच्याच स्वयंपाकघरातल्या पातेल्यात मंद आचेवर शिजवत, गाळून घेत, थंड झाल्यावर पुन्हा गाळत. हीच खळ का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “ताई, उद्या कोणाला माझं काम चुकीचं वाटलं तर पाणी लावून काढता आलं पाहिजे.” मागे कोणी हितचिंतकाने लावलेल्या चिकटपट्ट्या काढायला मात्र त्यांना पंधरा दिवस गेले, आणि पट्टीखालचा कागद तपकिरी झाला तो झालाच. कृपा करून जुन्या कागदांना सेलोटेप लावू नका, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच नको.

छायाचित्रणही नीट झालं. वरून खाली पाहणारा कॅमेरा, दोन्ही बाजूंना थंड दिवे, प्रत्येक फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी. काच नाही, दाब नाही. एकूण ६,२०० कागद, त्यांची ११,३०० छायाचित्रं. एकेक फाइल सुमारे ७२ एमबीची, म्हणजे सगळं मिळून आठशे जीबीच्या वर. तीन प्रती केल्या: एक वाचनालयात, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक पुण्यातल्या सभासदाकडे. २०२३च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद पडल्या. एवढ्या मोठ्या संस्थेचं तसं झालं, म्हणून आपली प्रत आपल्या हाताशी असावीच.

आता कापलेला दीड गुण. अंदाजपत्रकाचं वाटप असं होतं: कॅमेरा, स्टँड, दिवे १,८५,०००. संगणक आणि डिस्क १,१०,०००. आम्लमुक्त खोकी आणि कागद ९०,०००. संवर्धन १,२०,०००. मोडी वाचन आणि सूची ७५,०००. कार्यशाळा ३५,०००. लेखापरीक्षण आणि किरकोळ २५,०००.

मोडी वाचनाचा आकडा आम्ही अर्जात दीड लाख लिहिला होता. छाननीत तो निम्मा झाला, कॅमेऱ्याचा वाढला. न्यासातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या की उपकरण ही कायमची मालमत्ता असते. आणि मोडी वाचनासाठी त्यांनी तीन दरपत्रकं मागितली, सगळ्यात कमी दराचं घ्यायचं म्हणून. कॅमेऱ्याची तीन दरपत्रकं एका दुपारी मिळतात. अठराव्या शतकातलं महसुली मोडी वाचू शकणाऱ्या तीन माणसांची दरपत्रकं आमच्या तालुक्यात कुठून आणायची? शेवटी दोन वयस्कर अभ्यासकांकडून ‘प्रकृतीमुळे काम घेऊ शकत नाही’ अशी पत्रं आणली आणि ती जोडून तिसरं दरपत्रक शुभांगीचं दिलं.

शुभांगी इतिहासात एमए, मोडी शिकली ती पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात. पण वर्गात शिकलेलं मोडी आणि दप्तरातलं मोडी यांत फरक असतो. लिहिणारा आधी पानभर शिरोरेघा आखून घेतो, मग त्यांना अक्षरं लटकवत जातो, शब्द कुठे संपला ते दाखवत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही, आणि नेहमीच्या शब्दांची फक्त पहिली अक्षरं लिहून पुढे जातो. पहिल्या महिन्यात तिचे दिवसाला बारा कागद होत. रुमालाच्या कारकुनाचा हात ओळखीचा झाल्यावर ते वाढत गेले, आणि एकूण सरासरी दिवसाला पस्तीसची पडली. प्रत्येक कागदाची तारीख, कोणाकडून कोणाला, विषय, गावं, कागदाची अवस्था, एवढ्या नोंदी.

आमच्याकडे गवंड्याला दिवसाला नऊशे मिळतात. तिला आम्ही सातशे देत होतो आणि ते मला खटकत होतं. ७५,००० रुपये १०७ दिवसांत संपले. तोवर ३,७४५ कागद सूचीत आले होते. उरलेल्या कागदांची छायाचित्रं तयार होती, पण फाइलचं नाव ‘रु_१७_०२३४’, आणि त्यात काय आहे हे सांगणारं काहीच नाही. सूची नसलेलं छायाचित्र म्हणजे पुन्हा ‘किरकोळ हिशेब’, फक्त रुमालातून डिस्कवर गेलेला.

तिकडे कॅमेरा घासाघीस करून चाळीस हजारांनी स्वस्त मिळाला होता. ते पैसे मोडी वाचनाकडे वळवू द्या, असं पत्र आम्ही लिहिलं. एका शीर्षाचे पैसे दुसऱ्या शीर्षाकडे न्यायला समितीची मंजुरी लागते, समिती तीन महिन्यांनी बसते. उत्तर यायला पाच महिने लागले आणि पंचवीस हजार मंजूर झाले. बाकीचे परत करावे लागले. त्या पाच महिन्यांत शुभांगीने एका शाळेत तासिका तत्त्वावर नोकरी धरली.

त्या पंचवीस हजारांतल्या पस्तीस दिवसांत सतरावा रुमाल झाला. दुपारी साडेतीनला ती मला हाक मारत आली, “काकू, हे बघा.” अर्ध्या हाताएवढा कागद. वर साल, जुन्या मराठी दप्तरांत चालणाऱ्या सुहूर कालगणनेतलं, अरबी अंकशब्दांत: सुहूर सन सलास सबैन मया व अलफ. सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर ११७३, म्हणजे १७७२-७३. थोरले माधवराव गेले ते साल. मजकूर सात ओळींचा. श्रावणात नदीस पूर आला, पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीस लागलं, पेवांत, म्हणजे धान्याच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरून ज्वारी भिजली, सबब शेतसाऱ्यात सूट मिळावी, अशी विनंती. खाली दुसऱ्या हातात एका ओळीत किती सूट दिली ते.

मारुतीचं देऊळ तिथेच आहे. वाचनालयापासून चाळीस पावलांवर, आमच्या ओट्याहून थोडं खाली. आम्ही दोघी तेव्हाच उठून गेलो आणि पायऱ्या मोजल्या. २०२१च्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसते. या जागी पूर कुठवर येतो याची अडीचशे वर्षांपूर्वीची लेखी नोंद आमच्याच कपाटात होती, आणि आम्ही दप्तर खालच्या मजल्यावर ठेवत आलो होतो. आता ते कायमचं वर आहे.

दर तिमाहीला न्यासाला जो तक्ता पाठवायचा त्यात ‘छायाचित्रित पानांची संख्या’ असा रकाना होता. सूचीत आलेल्या कागदांचा रकानाच नव्हता. त्यामुळे प्रत्येक तिमाहीला फोन यायचा तो पानं किती झाली यासाठी. जे मोजलं जातं त्यासाठीच मग घाई होते. मी दर वेळी हाताने एक ओळ जादा घालून सूचीचा आकडा लिहीत राहिले. शेवटच्या अहवालाच्या वेळी मॅडमनी तो विचारला, त्याचं मला समाधान आहे. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात रकाना घालायचा विचार आहे असंही म्हणाल्या. घालाच, एवढंच त्यांना सांगितलं.

शेवटचा हप्ता वीस टक्के, १,२८,००० रुपये. तो उपयोगिता प्रमाणपत्र आणि सनदी लेखापालाचा दाखला गेल्यावर मिळतो. आम्ही दोन्ही मुदतीत पाठवलं. आक्षेप आला तो ३४० रुपयांच्या बिलावर. गव्हाच्या सत्त्वाचं बिल, आमच्या पेठेतल्या वाण्याचं, हाताने लिहिलेलं, जीएसटी क्रमांक नाही. खुलासा पाठवला, मग मंडळाचा ठराव मागितला, तोही पाठवला. संवर्धन करणाऱ्या सरांचे पैसे आम्ही थकवले नाहीत, चार सभासदांनी बिनव्याजी रक्कम घातली. सत्तावीस वर्षं बँकेत काढल्यामुळे हिशेब काटेकोर मागण्याला माझा विरोध नाही, तो मागायलाच हवा. पण ३४० रुपयांसाठी सव्वा लाख अडतो तेव्हा पुढच्या वेळी अर्ज करायला छोटी संस्था धजत नाही, हे देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं असं. आधी शंभर कागद स्वतः वाचून घ्या आणि दिवसाला किती होतात ते मोजा. त्या आकड्यावरून वाचणाऱ्याचे दिवस काढा आणि ते अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहा, कॅमेऱ्याच्या वर. छाननीत कापायला लागले तर कॅमेरा भाड्याने घेतो म्हणा, वाचणाऱ्याचे दिवस सोडू नका. शीर्षबदल किती टक्क्यांपर्यंत तुमच्या अधिकारात आहे हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी घ्या. चाळीस हजार कुठे खर्च करायचे हे विचारण्यात आमचे पाच महिने गेले.

आमच्याकडे चौतीस ते एक्केचाळीस हे आठ रुमाल उरलेत, १,२३० कागद. शुभांगी शाळा सांभाळून शनिवारी-रविवारी येते, तिचं मानधन आता वाचनालय देणगीतून देतं. सातारा, वाई, कराड या भागात कोणाला दप्तरातलं मोडी वाचता येत असेल, किंवा शिकायची इच्छा असेल, तर या दोन दिवशी सकाळी दहा ते एक आम्ही वरच्या मजल्यावर असतो. येताना हात स्वच्छ धुवून या, आणि पेन आणू नका, पेन्सिल आम्ही देतो.